मित्राचा आठ नंबर मी घालू का?

सप्रेम नमस्कार.
मी कोल्हापूरचा, वय २४. गोव्यातल्या एका क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला. माझा रूम पार्टनर मडगावजवळच्या गावचा होता. आठ नंबर त्याचा. गेल्या सीझनच्या तोंडावर रात्री बाइकवरून घरी जाताना अपघातात गेला. अख्खा सीझन तो नंबर कुणी घातला नाही. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच तसं झालं. आता नव्या सीझनची नोंदणी सुरू आहे. टीम मॅनेजर म्हणाले, "आठ तू घे, त्याच्या एवढ्या जवळचं दुसरं कुणी नव्हतं. नाहीतर नवा परदेशी मिडफिल्डर येतोय, तो आठच मागतोय, त्याला देऊन टाकतो. शुक्रवारपर्यंत सांग." कॅप्टन म्हणतो, घे. दोन सिनिअर म्हणतात, गेलेल्या माणसाचा नंबर घालू नये, अपशकुन असतो. त्याच्या आईला यातलं काही माहीत नाही. मी त्यांना आंटी म्हणतो. पूर्वी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचो, पण आता कित्येक दिवस गेलेलो नाही. आणि खरं सांगायचं तर आठ नंबर मला पहिल्यापासून हवा होता. पेठेत खेळायचो तेव्हाही मी आठच घालायचो. तो क्लबमध्ये माझ्याआधी आला म्हणून त्याच्याकडे होता. हे मी कुणापाशी बोललेलो नाही. काय करू?
– सध्या २६ नंबर

प्रिय २६ नंबर,

आधी शुक्रवारचं बोलू, कारण घाई तेवढ्याच गोष्टीची आहे. मॅनेजरांना सांग की या सीझनला आठ मी घेत नाही, आणि अजून एक सीझन तो कुणालाच देऊ नका अशी विनंती आहे. हे सांगायला एकटा जाऊ नकोस. कॅप्टनला बरोबर ने. जमलं तर ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन दोन ओळींचा अर्ज दे. एका खेळाडूनं नंबर नाकारला की ऑफिसात त्याला 'नखरे' म्हणतात. पंचवीस जणांनी मिळून मागितलं की तो टीमचा ठराव होतो. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूज २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला तेव्हा त्याचा वनडेचा ६४ नंबर पुन्हा कुणाला देऊ नका, अशी मागणी कॅप्टन मायकल क्लार्कनं बोर्डाकडे केली आणि बोर्डानं ती मान्य केली. तू तर कायमचा बंद करा असंही म्हणत नाहीयेस, एक वर्ष मागतोयस. कुठल्याही क्लबला एवढं जड जाऊ नये.

आता हे का सांगतोय ते ऐक. तुला वाटत असेल की माझा मुळातच विरोध आहे. तसं नाही. गेलेल्या मित्राचा नंबर घालण्यात मला काहीही गैर वाटत नाही, उलट कधीकधी तेच जास्त शोभतं. अडचण आहे ती तुला हा नंबर ज्या हातांनी आणि ज्या घाईनं दिला जातोय त्याची.

पोर्तुगालच्या दिओगो जोटाचं उदाहरण तुला माहीतच असणार. ३ जुलै २०२५ ला स्पेनमध्ये झामोराजवळ गाडीच्या अपघातात तो आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रे, दोघंही गेले. जोटा २८ वर्षांचा होता. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबकडून तो २० नंबर घालायचा आणि पोर्तुगालकडून २१. आठवडाभरात लिव्हरपूलनं जाहीर केलं की २० नंबर आता क्लबमध्ये कुणीही घालणार नाही, पुरुषांच्या टीममध्ये नाही, महिलांच्या नाही आणि अकॅडमीतही नाही. हा निर्णय त्यांनी त्याच्या पत्नीशी आणि घरच्यांशी बोलून घेतला होता. सप्टेंबरमध्ये पोर्तुगालनं नेमकं उलट केलं. २१ नंबर त्यांनी रुबेन नेव्हेसला दिला. माणूस एक, जर्सी दोन, निर्णय एकमेकांच्या विरुद्ध. आणि मला दोन्ही पटतात.

लिव्हरपूलला नंबर बंद करणं शक्य होतं, कारण क्लबकडे हवे तेवढे नंबर असतात. देशाच्या टीमला ती मोकळीक नाही. वर्ल्ड कपला टीमच्या यादीत एकपासून सलग नंबर द्यावे लागतात, मधला एखादा गाळता येत नाही. २००२ च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनानं मॅराडोनाचा १० नंबर रिकामा ठेवायचा प्रयत्न केला होता. फिफानं नाही म्हटलं आणि अखेर तो ओर्तेगानं घातला. म्हणजे पोर्तुगालचा २१ आज ना उद्या कुणाच्या तरी पाठीवर जाणारच होता. प्रश्न फक्त कुणाच्या, एवढाच उरला होता.

नेव्हेस का, तर तो आणि जोटा पोर्टो क्लबात एकत्र होते, मग इंग्लंडमध्ये वुल्व्ह्स क्लबला एकत्र होते आणि देशाकडून तर होतेच. जोटा गेला तेव्हा नेव्हेस सौदीच्या अल-हिलाल क्लबबरोबर अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप खेळत होता. दुसऱ्या दिवशी सामना होता. तो खेळला, सामन्याआधीच्या मौनात सगळ्यांदेखत रडला, आणि तिथून थेट पोर्तुगालला जाऊन गोंदोमारच्या चर्चमध्ये शवपेटीला खांदा दिला. अशा माणसाच्या पाठीवर २१ दिसला तेव्हा 'हा का?' असं विचारायची गरजच पडली नाही. ऑक्टोबरमध्ये लिस्बनला आयर्लंडविरुद्ध रोनाल्डोची पेनल्टी अडवली गेली, सामना बरोबरीकडे चालला होता आणि जादा वेळेत नेव्हेसनं हेडरनं गोल केला. पोर्तुगालकडून जवळजवळ दहा वर्षं खेळून त्याचा तो पहिला गोल. लोक म्हणाले, वरून जोटानंच ढकलला. म्हणू देत. मला विचारशील तर तो बॉल बारला लागून बाहेर गेला असता तरी २१ नेव्हेसच्याच पाठीवर शोभला असता. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझ्या डोक्यात 'हा नंबर घालून मी वाईट खेळलो तर?' हे नक्की चालू असणार. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, पण मिडफिल्डर आहेस, पास चुकणारच.

तुझ्या दोन सिनिअरांच्या अपशकुनाचंही इथेच उरकून टाकू. स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचा अंतोनियो पुएर्ता २५ ऑगस्ट २००७ ला हेताफेविरुद्धच्या सामन्यात मैदानात कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. २२ वर्षांचा पोरगा. त्याचा १६ नंबर क्लबला बंद करायचा होता, पण स्पॅनिश लीगमध्ये मुख्य टीमला १ ते २५ याच नंबरांत बसावं लागतं. २०१७ मध्ये हेसुस नवास मँचेस्टर सिटीहून सेव्हियाला परत आला. तो आणि पुएर्ता सेव्हियाच्याच अकॅडमीत वाढलेले. नवासनं १६ घेतला. त्यानंतर २०२० आणि २०२३ अशा दोन युरोपा लीग त्यानं त्याच नंबरात जिंकल्या. सिनिअरांना सांग, असा अपशकुन सगळ्यांना लाभो.

मात्र त्यांच्या म्हणण्याच्या मुळाशी जे आहे ते मी झटकून टाकणार नाही. काही नंबर लोकांनी डोळ्यांदेखत पडताना पाहिलेले असतात. पोर्तुगालमधल्या बेनफिका क्लबचा मिक्लोश फेहेर २००४ च्या जानेवारीत गिमारायशच्या मैदानावर कोसळला. पिवळं कार्ड मिळाल्यावर हसला आणि पुढच्या क्षणी वाकून पडला, हे टीव्हीवर थेट दिसत होतं. बेनफिकानं २९ नंबर बंद केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुझ्याच गोव्यातल्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर बंगळुरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये मोहन बागानविरुद्ध दोन गोल करून गेला, दुसऱ्या गोलच्या वेळी गोलकीपरशी टक्कर होऊन. डेंपोनं त्याचा १० बंद केला. गोव्यातल्या जुन्या प्रेक्षकाशी बोललास तर तो दिवस अजून त्याच्या बोलण्यात येतो. अशा वेळी तोच नंबर पुन्हा त्याच प्रेक्षकांपुढे आणणं मलाही नको वाटतं. तुझा मित्र मैदानावर गेला नाही. त्याचा आठ नंबर लोकांनी फक्त खेळताना पाहिलाय. हा फरक बारीक आहे, पण माझ्या लेखी महत्त्वाचा आहे, आणि तो तुझ्या बाजूनं आहे.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, मॅनेजरांची बोली. 'तू घे, नाहीतर त्या परदेशी खेळाडूला देतो' ही श्रद्धांजली नव्हे, ही यादी भरायची घाई आहे. त्यांना वाईट म्हणत नाही. नोंदणीची तारीख डोक्यावर असली की चांगली माणसंही असंच बोलतात. पण 'नाहीतर' ला घाबरून घेतलेला नंबर तू सीझनभर घाबरतच घालशील.

दुसरं, आंटी. तुझ्या पत्रात मॅनेजर बोलले, कॅप्टन बोलला, सिनिअर बोलले. ज्या बाईंनी आठ नंबरची जर्सी धुऊन दोरीवर वाळत घातली असेल त्यांना कुणीच विचारलेलं नाही. त्यांना ही गोष्ट फेसबुकवरच्या टीमच्या फोटोतून कळली तर? लिव्हरपूलसारख्या क्लबला घरच्यांना विचारावंसं वाटलं, तर तुमच्या क्लबच्या ऑफिसातून मडगावजवळचं गाव असं कितीसं लांब आहे?

तिसरं म्हणजे तू शेवटी लिहिलंस ते, की आठ तुला पहिल्यापासून हवा होता. माझ्या दृष्टीनं तुझं पत्र याच वाक्यासाठी आहे, बाकी सगळं त्याच्यापुढची प्रस्तावना. तुला झोप लागत नाही ती नंबरामुळे नाही. मित्र गेला आणि त्यातून आपल्याला हवं ते मिळतंय, ही टोचणी आहे. ऐक, आठ नंबर हवा असणं यात पाप नाही. प्रत्येक टीममध्ये दोघातिघांना तोच हवा असतो आणि जुन्याला मिळतो. तू त्याचं वाईट चिंतलं नव्हतंस. तो असताना तू २६ घालून त्याच्या शेजारी खेळलास, त्याच्या घरी जेवलास, मैत्री केलीस. हवं असणं आणि हिसकावणं यांच्यात केवढं अंतर असतं ते तू स्वतःच जगून दाखवलंस.

पण आज, या आठवड्यात, 'मित्रासाठी घेतोय' आणि 'मला हवा होता म्हणून घेतोय' हे दोन धागे तुला वेगळे करता येणार नाहीत. कुणालाच आले नसते. वर्ष जाऊ दे. वर्षानं हवंसं वाटणं संपणार नाही, संपायची गरजही नाही, फक्त त्यातली टोचणी कमी होईल. तोवर ही गोष्ट एका तरी माणसाला सांग. माझ्या मते कॅप्टनला. तो 'घे' म्हणाला म्हणजे तुला ओळखतो, आणि त्यालाही बहुधा हे कधीच कळलेलं आहे.

आंटींकडे जा. नंबर विचारायला नको, जेवायला जा. इतके दिवस का आला नाहीस, असं त्या विचारतील. 'जमलं नाही' म्हणू नकोस, 'येववलं नाही' म्हण. त्यांना ते कळेल. नंबराचा विषय पहिल्या भेटीत काढायचाच नाही. चर्चमधली वर्षाची मिस्सा होऊ दे, टीममधल्या सगळ्यांना घेऊन जा, आणि मग कधीतरी कॅप्टनला बरोबर नेऊन बोल. विचारतानाही 'मी घालू का?' असं थेट तोंडावर टाकू नकोस. दारात आलेल्या पोराला नाही म्हणणं कुठल्याही आईला अवघड जातं, आणि अशा वेळी मिळालेला होकार हा होकार नसतो. 'क्लबमध्ये त्याच्या नंबराचं काय करायचं यावर बोलणं चाललंय, तुम्हाला काय वाटतं?' असं विचार. बंद करा, त्याच्या भाच्यासाठी ठेवा, कुणालाही द्या, माझ्यापुढे तो विषयच काढू नका, यातलं काहीही त्या म्हणू शकतील एवढी जागा त्यांना दे. आणि काहीच बोलल्या नाहीत तर ते 'नाही' समज. जाताना जर्सी घेऊन जाऊ नकोस, फोटोग्राफर तर मुळीच नको. क्लबचा सोशल मीडियावाला पोरगा मागे लागेल, त्याला फाटकाबाहेर ठेव.

त्या नाही म्हणाल्या तर? तर आठवण ठेवायला पाठच लागते असं नाही. स्पेनमधल्या एस्पान्योल क्लबचा कॅप्टन दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये गेला. पुढच्या जुलैत जोहान्सबर्गला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये स्पेनच्या आंद्रेस इनिएस्तानं, हार्केच्या मित्रानं, ११६ व्या मिनिटाला गोल केला आणि जर्सी काढली. आत बनियनवर हार्केचं नाव होतं. पिवळं कार्ड मिळालं, घेतलं. पुएर्ताचा मित्र सर्जिओ रामोसनं तर वेगळीच वाट काढली. पुएर्ता स्पेनकडून एकदाच खेळला होता, १५ नंबर घालून. रामोसनं देशाकडून तो १५ घेतला आणि वर्षानुवर्षं घातला. क्लबचा १६ जिथे होता तिथे राहिला. तुझ्याकडेही रस्ते आहेत. उद्या दुसऱ्या क्लबला गेलास तर तिथे आठ माग. तिथे तो कुणाचाच नसेल, फक्त तुला माहीत असेल.

आणि त्या हो म्हणाल्या तर पुढच्या सीझनला बिनधास्त घाल. फ्रान्समधल्या लिओं क्लबनं मार्क-विव्हियन फोएचा १७ बंद केला होता. फोए २००३ च्या जूनमध्ये कॅमेरूनकडून खेळताना गेला, तोही लिओंच्याच स्टेडियमवर. पाच वर्षांनी कॅमेरूनचाच ज्याँ मकून त्या क्लबात आला आणि १७ त्याला दिला गेला. म्हणजे बंद केलेला नंबर योग्य माणूस आल्यावर उघडतोसुद्धा. मला तर हे कायमच्या बंदीपेक्षा बरं वाटतं. लिव्हरपूलला पुढची पन्नास वर्षं २० कुणाचा होता ते सांगायला माणसं असतील. लहान क्लबात मात्र भिंतीवर एक पाटी लागते, ट्रस्टी बदलतात, रंगकाम निघतं, आणि दहा वर्षांनी नव्या पोराला 'आठ नंबर का नाही?' याचं उत्तर द्यायला कुणी उरत नाही. नंबर खेळत राहिला की तो कुणाचा होता ते निदान विचारलं तरी जातं.

घालशील तेव्हा तुझ्या मित्रासारखं खेळायला जाऊ नकोस. नेव्हेस मिडफिल्डर, जोटा फॉरवर्ड. २१ घातला म्हणून नेव्हेस काही डावीकडून आत घुसायला लागला नाही. लोक मात्र तुलना करतील, पहिल्या चुकलेल्या पासला कुणीतरी त्याचं नाव घेईल. तू शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस पाहून वाढलास, प्रेक्षक काय चीज असते ते मी तुला सांगायला नको. शार्दूल ठाकूर आठव. पालघरचा पोरगा, २०१७ मध्ये श्रीलंकेत वनडेत पहिल्यांदा उतरला आणि पाठीवर १० होता. सचिन धडधाकट, घरी बसून मॅच बघत असेल, तरी लोकांनी शार्दूलला इंटरनेटवर इतकं धारेवर धरलं की पुढे तो ५४ वर गेला आणि बोर्डानं १० कुणालाच न द्यायचं गुपचूप ठरवून टाकलं. तुझ्या बाबतीत लोक तोंड आवरतील, पण सगळेच नाही. तेव्हा 'आंटींनी दिलाय' हे एवढं वाक्य तुझ्या पाठीशी असेल. ते कुणाला ऐकवायचं नाही, मनात ठेवायचं.

एक व्यवहाराची गोष्ट. आठ नंबर तू घालायला लागलास की त्या जर्सी विकल्या जातील, आणि त्या पहिल्या सीझनला निम्मे लोक त्या तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी घेतील. त्या पैशाचं काय होणार ते क्लबला आधी विचार आणि लेखी घे. आंटींना मदत, गावातल्या मुलांना बूट, काहीही ठरू दे, पण तोंडी नको.

राहता राहिला तो परदेशी मिडफिल्डर. त्याच्यावर मनातल्या मनात राग धरू नकोस. त्याच्या एजंटनं एक नंबर मागितलाय, बास. तो कुणाचा होता हे त्याला कुणी सांगितलेलंच नसणार. हे सांगायचं काम ऑफिसवर टाकू नका, नाहीतर ते ईमेलच्या तळाशी कुठेतरी जाईल. तो विमानतळावर उतरला की कॅप्टननं आणि तू त्याला जेवायला न्या आणि सरळ सांगा. फुटबॉलपटू आहे, त्याच्याही कुठल्यातरी टीममधलं कुणीतरी गेलेलं असेल. दुसरा नंबर निवडायला त्याला कॉफी संपेपर्यंतचाही वेळ लागणार नाही. हवं तर त्याला तुझा २६ दे, तू १८ घे.